ज्याची सावली त्याचं पाऊल

कुणी म्हाताऱ्या माणसानं ‘किती वाजले?’ असं विचारलं की मला अजूनही चोरी पकडल्यासारखं होतं. परवाच क्रांती चौकात रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारच्या आजोबांनी विचारलं. मी फोन बघून ‘सव्वाअकरा’ म्हणाले आणि उगाचच दोन पावलं लांब जाऊन उभी राहिले. ते बिचारे आपल्या शर्टाला काही लागलंय का, ते बघायला लागले.

मी बत्तीस वर्षं शहरातल्या एका शाळेत गणित शिकवलं. माझा चांगलाच धाक होता. मुली पाठीमागं मला काय म्हणायच्या ते मला माहीत आहे आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. उत्तर चुकलं तर मी एक वेळ सोडून द्यायचे. पण मधली एखादी पायरी खोटी लिहून उत्तर जुळवलेलं दिसलं की माझं डोकं फिरायचं, वही सरळ बाकावर आपटायचे. ज्या बाईनं स्वतः नवव्या वर्षी एक पायरी खोटी सांगितली आणि ती आजवर दुरुस्त केली नाही, तिनं हे करावं! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आमचं गाव खुलताबादहून तासाभराच्या चालीवर. वडील शहरात नोकरीला होते, शनिवारी यायचे. शेती बघायचे ते वडिलांचे थोरले भाऊ, आमचे आबा. निजामाच्या वेळी तिसरीपर्यंत उर्दू शाळेत गेलेले, त्यापुढं शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पण हिशोबाला माणूस असा की गुरुजीसुद्धा कधीकधी त्यांच्याकडं यायचे. बाभळीच्या खोडाला दोरी गुंडाळून त्यात किती फळ्या निघतील ते सांगायचे. खळ्यावरच्या धान्याच्या राशीभोवती एक चक्कर मारायचे, हातानं उंची बघायचे आणि किती पोती भरतील ते बोलायचे. एखाद-दुसऱ्या पोत्याचा फरक पडायचा, जास्त नाही. वीत, हात, मूठ, परस, सगळी मापं त्यांनी अंगावरच बाळगलेली. टेप घ्यायला कुणाच्या दारात जायची गरज नव्हती.

सगळ्यांत मला आवडायचा तो त्यांचा सावलीचा हिशोब. सपाट जागी उन्हाकडं पाठ करून ताठ उभं राहायचं. आपल्या सावलीचं टोक कुठं पडतं तिथं खडा ठेवायचा. मग उभं होतो तिथपासून त्या खड्यापर्यंत टाचेला अंगठा लावत पावलं मोजायची. जितकी पावलं, त्यात सहा मिळवायचे. येईल त्या आकड्यानं एकशे एकवीसला भागायचं. उत्तर येतं तितक्या घटका दिवस वर आला. सावली आठ पावलं असली तर साडेआठच्या वर घटका, सहा असली तर दहा, पाच असली तर बरोब्बर अकरा. एक घटका म्हणजे आपली चोवीस मिनिटं. दिवस लहान-मोठा होतो तशी महिन्यामहिन्याला आबा त्यात काही पावलं इकडची तिकडं करायचे, माघात मात्र काही करावं लागायचं नाही. हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं आणि त्यांना आणखी कुणी. घड्याळ येण्याच्या आधी किती पिढ्या अशा उन्हात पाठमोऱ्या उभ्या राहिल्या असतील, देव जाणे.

हा काही नुसता गमतीचा हिशोब नव्हता. आमची विहीर सामाईक होती, आमची आणि शेजारच्या चाचांची. चाचा तेव्हा तिशीतले, लग्न होऊन चार-पाच वर्षं झालेले. दिवस उगवल्यापासून दहा घटका पाणी आमचं, त्यानंतर विहीर तळाला लागेपर्यंत पाणी त्यांचं. इंजिनही दोघांत एकच. दहा घटका झाल्या की पाटाच्या फाट्यावर आबा फावड्यानं मातीचा बांध फोडायचे आणि पाणी चाचांच्या रानात वळवायचे. चाचांनी कधी वर मान करून सूर्य बघितला नाही. आबांनी पाणी फिरवलं म्हणजे वेळ झाली, एवढं त्यांना पुरायचं. दोन घरांत इतर कशावरूनही कुरबूर व्हायची, कोंबड्यांवरून, बोरीच्या फांदीवरून. पाण्यावरून कधी झाली नाही.

त्या वर्षी माघात आबांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजून भोपळा झाला. ते बाजेवर पडले आणि पाळीची वेळ बघायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. चुलत भाऊ माझ्याहून मोठे होते, पण आबा म्हणाले, “पोरीला आकडे कळतेत.” त्या एका वाक्यावर मी आठ दिवस हवेत होते.

मी पहिल्यांदा रानात जाण्याआधी त्यांनी मला जवळ बसवून बजावलं होतं. “एक ध्यानात ठिव माय. ज्याची सावली त्याचंच पाऊल. तुझी सावली तर तुझंच पाऊल पायजे. दुसऱ्याची सावली मोजायची नाय.”

“का पण?”

“का म्हणून नाय विचारायचं. तसंच असतंय.”

त्यांनाही त्याचं कारण सांगता आलं नसतं बहुतेक. नियम तेवढा पक्का ठाऊक.

पहिल्या दिवशी मी सगळं नीट केलं. पण स्वतःची सावली स्वतः मोजणं म्हणजे कटकट असते. खडा ठेवायला वाकलं की सावलीही वाकते. अंदाजानं खडा टाकायचा, परत ताठ उभं राहायचं, टोक त्याच्यावर येईपर्यंत मागं-पुढं सरकायचं. पाच-सहा वेळा तरी करावं लागायचं आणि ऊन तापायचं. आई तिथंच गव्हाला पाणी देत असायची. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं, आईलाच उभी केली तर? “आई, हलू नको जरा,” म्हटलं. तिला वाटलं, पोरीचा काहीतरी खेळ चाललाय. ती फावड्यावर हात टेकून उभी राहिली आणि मी तिची सावली माझ्या पावलांनी मोजली. एका झटक्यात काम झालं. सावली आखडत सहा पावलांवर येईपर्यंत थांबायचं, एवढंच तर होतं.

आज हे लिहितानाही मला त्या नऊ वर्षांच्या कार्टीच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

पुढचे आठ दिवस मी तसंच केलं. आईची सावली आणि माझी पावलं. आईच्या पावलांनी ती पाच भरली असती, तेव्हा माझी सहा व्हायची. म्हणजे आबांच्या सूत्रानं एक घटका उशीर. दुपारजवळ सावली रेंगाळते, त्यामुळं प्रत्यक्षात त्याहूनही जास्त, अर्धा-पाऊण तास. तेवढा वेळ चाचांचं पाणी आमच्या गव्हात जात होतं आणि चाचांच्या रानात कांदा पोसायला लागला होता. पाट जिथून सुरू होतो तिथले वाफे भिजायचे. शेवटच्या वाफ्यांपर्यंत पाणी पोचायच्या आत विहीर तळाला लागायची.

चाचांनी चार-पाच दिवस काही म्हटलं नाही. मग खुलताबादेत त्यांच्या मेहुण्याचं दुकान होतं, त्याचं मनगटी घड्याळ मागून आणलं आणि दोन दिवस बांधावर बसून राहिले. नवव्या दिवशी संध्याकाळी बाजेपाशी येऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात.

“आबा, तुमाला बोलायची हिंमत नाय होत. पण पाणी लेट फिरतंय. दिस सातला उगवतो, म्हंजे अकराला फिरायला पायजे. कल बी पावणेबारा, आज बी. शेवटच्या चार वाफ्याला पाणीच नाय. पात पिवळी पडली.”

“घड्याळ चुकत असंल तुझं,” आबा म्हणाले.

“गुरुजीच्या घड्याळाला लावून बघितलं. दोन्ही एकच बोलतेत.”

आबांनी मला हाक मारली. आई आत भाकऱ्या थापत होती, तिला कुणी बोलावलं नाही. मी उंबऱ्यात उभी राहिले.

“माय, सावली तुझीच मोजली ना?”

“व्हय.”

“पाऊल तुझंच?”

“व्हय आबा.”

आबांनी उभ्या जन्मात कुणा पोराला चापट मारली नव्हती. मी खोटं बोलले ते मारतील म्हणून नव्हे. उद्यापासून ते मला पाठवणार नाहीत, चुलत भावाला पाठवतील, एवढीच भीती होती. एवढ्याशा मानासाठी मी दोनदा ‘व्हय’ म्हणाले.

आबांनी बराच वेळ बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. सहा अन् सहा बारा, एकशे एकवीसला बारा, दहा. परत तेच. मग ते चाचांना म्हणाले, “पोर खोटं बोलणार नाय. म्हंजे माझाच हिशोब गंडला. वय झालं.” तेव्हा ते पंचावन्नचेही नसतील. “आता आठ दिवस आमची पाळी बी तुझी. दिवसभर पाणी तुझ्याच रानात जाऊ दे. अन् इथून पुढं घड्याळावरच चालू दे.”

चाचा नको नको म्हणत राहिले. पण आबांचा शब्द म्हणजे शब्द. आठ दिवस आमच्या गव्हाला थेंब मिळाला नाही आणि त्या वर्षीचा दाणा बारीक पडला. आई पोळ्या करताना पुटपुटायची, “काय मेला गहू हाय, सगळा कोंडाच.” मी खाली मान घालून जेवायचे. चाचांनी घड्याळ विकत घेतलं. आबांनी त्यानंतर सावली मोजली नाही.

पाय बरा झाल्यावर त्यांनी पडताळा का घेतला नाही, ह्याचा मी किती विचार केला असेल. शेजाऱ्याच्या हातात घड्याळ होतं, अंगणात ऊन होतं, एक दिवस उभं राहून मोजलं असतं तरी कळलं असतं. पुन्हा चूक निघेल अशी भीती वाटली असेल, असं मी स्वतःला सांगत आले. पण मनातून मला वेगळंच वाटतं. पडताळा घ्यायचा तर आधी माझ्यावर संशय घ्यावा लागला असता. तेवढं त्यांच्या मनातच आलं नाही.

पुढं हळूहळू बाकीचेही हिशोब बंद झाले. कुणी खोडाच्या फळ्या विचारायला आलं की म्हणायचे, “गुरुजीला इचार बाबा, माझं काय खरं नाय.” राशीभोवती चक्कर मारणं थांबलं. गावातली पोरं चिडवायची, आबाची सावली पळाली म्हणून. आणि ज्यांना सारा गाव वेळ विचारायचा ते आबा अंगणातून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, “किती वाजले रं?” पायाशी स्वतःची सावली पडलेली असायची. तिच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत.

मी शिकायला शहरात आले. नववीत समरूप त्रिकोण आले. फळ्यावर बाईंनी एक उंच झाड काढलं, एक बुटकी काठी काढली, दोघांच्या सावल्या काढल्या. माणूस उंच असो की ठेंगणा, त्याची उंची त्याच्या पावलाच्या साधारण सातपट भरते. उंचाची सावली लांब, पण त्याचं पाऊलही लांब, त्यामुळं मोजणी सगळ्यांची सारखीच येते. म्हणूनच ज्याची सावली त्याचंच पाऊल. मोठ्याची सावली पोराच्या पावलानं मोजली की सगळा डोलारा कोसळतो. मी बाकावर बसल्या बसल्या वहीच्या मागच्या पानावर आईची पावलं, माझी पावलं मांडली आणि ती एक घटका माझ्यासमोर आली. इतक्या वर्षांत नुसतं ‘आपण खोटं बोललो’ एवढंच माहीत होतं. आता त्या खोट्यानं नेमकं काय मोडलं ते कळलं.

तेव्हा आबा जिवंत होते. एका एसटीच्या अंतरावर होते. सुट्टीत मी गेले, येताना शेंगा घेऊन आले, बोलले काहीच नाही. पुढच्या सुट्टीत बोलू म्हटलं. असं करत करत मी कॉलेज संपवलं, शाळेत लागले, लग्न झालं.

एकदा मात्र संधी घरी चालून आली. आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तेव्हा आम्ही औरंगपुऱ्यात दोन खोल्यांत राहायचो. वर गच्ची होती. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर मिळून पंधरा दिवस ते आमच्याकडं होते. सकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे आणि मी शाळेची तयारी करताना खालून ऐकायचे, “किती वाजले गं बाई?” दिवसातून सहा-सात वेळा. एका सकाळी मी चहा घेऊन वर गेले. त्यांच्या खुर्चीची सावली भिंतीपर्यंत गेलेली. मी ठरवूनच गेले होते.

“आबा, तुमची ती सावली मोजायची रीत...”

“कशाला आठवती ती,” ते हसले. “अडाण्याचा हिशोब. लई वर्षं लोकांनी इश्वास ठिवला, मग एक दिवस उघडा पडला. बरं झालं तू शाळंतलं खरं गणित शिकलीस.”

मी म्हणाले, “चहा गार होईल.”

एवढंच म्हणाले. खाली आले आणि नववीच्या वर्गाच्या वह्या तपासल्या. त्यात एकीनं खोटी पायरी लिहिली होती. मी पानभर लाल शेरा मारला. दोन वर्षांनी आबा गेले. बैल गेला आणि झोपा केला, असंही म्हणायची सोय नाही, कारण झोपा मी पुढंही केला नाही.

गेल्या वर्षी निवृत्त झाले. हातात वेळ आला आणि ही गोष्ट रोज समोर येऊन बसायला लागली. सांगायला आता उरलंय कोण? चाचा. ते पंच्याऐंशीच्या घरात, खुलताबादेत मुलाकडं असतात असं कळलं. यंदाच्या माघात एका सकाळी मी गेले.

त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. “आबाची पोरगी ना तू? मास्तरीण?” सून चहा घेऊन आली. मी चहा थंड होऊ दिला नाही ह्या वेळी. घोटभर घेतला आणि सगळं सांगून टाकलं. आबांचा नियम, आई, फावडं, माझी पावलं, उंबऱ्यातले दोन ‘व्हय’.

चाचा ऐकत राहिले. मला वाटलं होतं, हसतील. इतक्या वर्षांची गोष्ट, लहान पोर होतीस, जाऊ दे बेटा, असं म्हणतील. खरं सांगायचं तर तेवढं ऐकायलाच मी गेले होते. पण त्यांचा चेहरा उतरला.

“म्या घड्याळ आणलं,” ते हळूच म्हणाले. “म्या सांगत फिरलो बेटा. इथं बाजारात, मशिदीत, सगळीकडं. का आबाला आता सुधरत नाय, आबाचा हिशोब गेला. चार वाफ्याच्या कांद्यापायी.” मग माझ्याकडं वळले. “तू हे मला काहून सांगती? हे त्याला सांगायचं होतं.”

स्वतःचं ओझं हलकं करायला गेले आणि ते एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवलं, त्यात आणखी एका पापाची भर.

चाचांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अकराला थोडा वेळ होता. “माझ्या पाळीची टाइम झाली,” ते म्हणाले. “बाहेर ने मला.”

दारासमोर फरशीचा सपाट तुकडा होता. उन्हाकडं पाठ करून ते काठी सोडून ताठ उभे राहिले, जमेल तेवढे ताठ. मी खडा ठेवला. सून दारातून बघत राहिली, ह्यांना काय झालं म्हणून. मी म्हटलं, “चाचा, तुम्ही उभे राहा, मी मोजते.”

“नाय,” ते एकदम म्हणाले. “माझी सावली हाय.”

मग त्यांनी चपला काढल्या, माझ्या खांद्यावर हात टेकला आणि टाचेला अंगठा लावत चालायला लागले. प्रत्येक पावलाला ते मोठ्यानं आकडा म्हणत होते. खड्यापाशी सहा झाली. सहा अन् सहा बारा. एकशे एकवीसला बारा, दहा घटका, चार तास. मी फोनवर पाहिलं. त्या दिवशीचा सूर्योदय सात वाजून तीन मिनिटांनी होता आणि घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

“किती वाजले?” चाचांनी विचारलं.

मी सांगितलं.

“आबा बरोबर होता,” ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावरचा हात तसाच ठेवून रडायला लागले.

आबा बरोबर होते हे मला नववीपासून माहीत होतं. आता चाचांनाही कळलं. ज्याला कळायला हवं होतं तो माणूस मात्र आपलाच हिशोब चुकला असं समजून गेला.